देवघेवीच्या काउंटरामागचा डेटाबेस

संगणकावर बसवून तिथल्या तिथे वापरायच्या प्रोग्रॅमला डेस्कटॉप अॅप्लिकेशन म्हणतात. ग्रंथालयाच्या काउंटरवर देवघेवीसाठी दिवसभर उघडा असतो तो प्रोग्रॅम पुष्कळदा याच जातीचा. पडद्यावर सभासदाचे नाव येते, पुस्तकाचे नाव येते, परतीची तारीख येते. पण यातली कोणतीही माहिती सहसा त्या संगणकात साठवलेली नसते. ती असते आतल्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर, रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी नाते सांगणाऱ्या तक्त्यांमध्ये. प्रोग्रॅम विचारतो, डेटाबेस उत्तर देतो आणि या दोघांना जोडते ते कनेक्शन. ही जोडणी पक्की असेल तर वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. ती कच्ची राहिली तर काउंटरपुढे रांग लागते, मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि कधी कधी झालेली नोंदच हरवते.

हा विषय समजून घ्यायला बडोद्यासारखी जागा नाही. पुस्तक एका ठिकाणी आणि पुस्तकाची माहिती दुसऱ्या ठिकाणी, ही व्यवस्था या शहराने संगणक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी बसवली होती. सयाजीराव महाराज तिसरे यांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत वाचायला शिकलेल्या माणसाच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही तर शिकलेले वाया जाते, हे ओळखून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले आणि त्यासाठी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले. १९१० मध्ये बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले. महाराजांचा सुमारे २०,००० पुस्तकांचा खासगी संग्रह त्याचा पाया ठरला. बॉर्डन १९१३ पर्यंत बडोद्यात राहिले. तेवढ्या अवधीत त्यांनी ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण रचले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. १९१२ पासून इथून ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक निघू लागले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. बॉर्डननंतर हे काम जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी पुढे नेले.

मांडवीजवळच्या या ग्रंथालयाच्या इमारतीत पुस्तकांची लोखंडी फडताळे आणि काचेच्या लाद्यांचे मजले आजही पाहायला मिळतात. पाहणाऱ्याची नजर या फडताळांवरच खिळते. ग्रंथालयाचे खरे यंत्र मात्र दुसरीकडे असे, तालिकापत्रांच्या खणांमध्ये. पाच इंच रुंद, तीन इंच उंच असे जाड कागदाचे पत्र. त्यावर लेखक, ग्रंथनाव, वर्गांक आणि दाखल क्रमांक. वाचकाने खण ओढायचा, पत्रे चाळायची, क्रमांक टिपून घ्यायचा आणि काउंटरवर द्यायचा. शिपाई मग त्या क्रमांकावरून फडताळातले पुस्तक काढून आणतो. वाचकाने स्वतः फडताळात शिरायची गरज नाही.

या पद्धतीत एक अडचण पहिल्यापासून होती. एकाच पुस्तकासाठी लेखकाचे एक, ग्रंथनावाचे एक आणि विषयाचे एक अशी तीन पत्रे तरी लिहावी लागत. लेखकाच्या नावात चूक झाली तर ती तिन्ही खणांतून शोधून दुरुस्त करायची. एक पत्र नजरेतून सुटले की त्याच ग्रंथालयात एकाच माणसाची दोन नावे नांदू लागत. तीच माहिती अनेक जागी लिहिली की कधीतरी त्या जागा एकमेकींशी भांडणार, हा नोंदी ठेवण्याच्या शास्त्रातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात छळणारा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर १९७० मध्ये एडगर कॉड या गणितज्ञाने दिले. कॉड मूळचे इंग्लंडचे. कॅलिफोर्नियात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करीत. त्या वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला विचार सांगायला साधा आणि अमलात आणायला अवघड होता. माहिती तक्त्यांत मांडावी, प्रत्येक गोष्ट एकदाच लिहावी आणि तक्त्यांमधले नाते ओळखक्रमांकांवरून जुळवावे. त्याहून महत्त्वाचा भाग पुढे होता. माहिती वापरणाऱ्या माणसाला किंवा प्रोग्रॅमला ती डिस्कवर नेमकी कुठे आणि कोणत्या क्रमाने ठेवली आहे हे माहीत असण्याची गरज राहू नये. काय हवे ते त्याने सांगावे. कसे शोधायचे ते डेटाबेसने ठरवावे. डेस्कटॉप प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्या आजच्या जोडणीतले बहुतेक सगळे या एका अटीतून निघाले आहे.

ग्रंथालयाचे उदाहरण घेतले तर तीन तक्ते पुरतात. ‘पुस्तके’ या तक्त्यात दाखल क्रमांक, ग्रंथनाव, लेखक, वर्गांक. ‘सभासद’ या तक्त्यात सभासद क्रमांक, नाव, पत्ता. तिसरा तक्ता ‘देवघेव’: त्यात फक्त दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख आणि परतीची तारीख. या तिसऱ्या तक्त्यात कोणाचेही नाव नाही, पुस्तकाचेही नाही. सभासदाचे नाव बदलले, कोणी घर बदलून अलकापुरीतून मांजलपूरला गेले, तर दुरुस्ती एका ओळीत होते आणि ती सगळीकडे लागू पडते. दाखल क्रमांक ही पुस्तकाची प्राथमिक किल्ली, म्हणजे प्रायमरी की. देवघेवीच्या तक्त्यात तोच क्रमांक दिसतो तेव्हा ती परकी किल्ली, फॉरेन की. डेटाबेसला एकदा हे नाते सांगून ठेवले की जे पुस्तक दाखलच नाही ते कोणाच्या नावावर टाकायचा प्रयत्न तो सरळ फेटाळतो. काउंटरवरच्या माणसाच्या सावधपणावर हे काम सोडलेले नसते, हा या पद्धतीचा मोठा गुण.

तक्त्यांशी बोलायची भाषा आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ च्या सुमारास घडवली. तिचे आजचे नाव एसक्यूएल. १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. आज ओरॅकल असो, एसक्यूएल सर्व्हर असो, मायएसक्यूएल असो की पोस्टग्रेस, भाषेचा गाभा सगळीकडे तोच आहे.

आपल्याकडच्या ग्रंथालयांत आणि कचेऱ्यांत संगणक आले तेव्हा लगेच असे डेटाबेस आले नाहीत. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात डीबेस आणि फॉक्सप्रो यांचे राज्य होते. त्यांत तक्ता म्हणजे डिस्कवरची एक फाइल. प्रोग्रॅम ती थेट उघडे आणि तिच्यात लिही. एका संगणकापुरते हे ठीक चालले. नेटवर्कवर तीच फाइल चार संगणकांनी एकदम उघडली की मात्र कसोटी लागे. एखाद्या यंत्राची वीज लिहिता लिहिता गेली की फाइलची अनुक्रमणिका बिघडे आणि ती नव्याने बांधेपर्यंत सगळ्यांचे काम थांबे. प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतः फडताळात हात घालण्यातला हा धोका होता. यावरचा उपाय म्हणजे क्लायंट-सर्व्हर पद्धत. फाइलला हात लावायचा अधिकार फक्त डेटाबेस सर्व्हर या एका प्रोग्रॅमला. बाकी सगळ्यांनी त्याच्याकडे मागणी करायची.

ही पद्धत विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोचवण्याचे मोठे काम गुजरातेतूनच झाले, आणि त्याचे मूळ पुण्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेच्या आधाराने सुरू झाला आणि १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र झाला. अहमदाबादेत वाढलेले हे केंद्र पुढे गांधीनगरला गेले. या केंद्राने तयार केलेले ‘सोल’ हे ग्रंथालयांचे सॉफ्टवेअर २००० मध्ये बाहेर पडले, आणि त्याची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये आली. खरेदी, तालिका, देवघेव, नियतकालिके, वाचकांसाठीचा शोध असे त्याचे विभाग आहेत. पहिल्या आवृत्तीच्या पोटात मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर होता. दुसरीत मायएसक्यूएलचाही पर्याय मिळाला आणि युनिकोडमुळे, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेतामुळे, भारतीय लिप्यांना रीतसर जागा मिळाली. काउंटरवर विंडोजमधला प्रोग्रॅम आणि आत सर्व्हरवर डेटाबेस, हे या लेखाच्या विषयाचे अगदी घरचे उदाहरण आहे.

आता प्रत्यक्ष जोडणी. प्रोग्रॅमला डेटाबेसपर्यंत पोचायला पाच गोष्टी लागतात: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड. या पाचही एका ओळीत लिहितात आणि त्या ओळीला कनेक्शन स्ट्रिंग म्हणतात. ती साधारण अशी दिसते: सर्व्हर=१९२.१६८.१.१०; पोर्ट=३३०६; डेटाबेस=ग्रंथालय; युजर=काउंटर१; पासवर्ड=गुप्त शब्द. पत्ता हा नेटवर्कवरच्या यंत्राचा. एका यंत्रावर अनेक सेवा चालतात म्हणून प्रत्येकीचे दार वेगळे, तो पोर्ट. मायएसक्यूएलचा ठरलेला पोर्ट ३३०६, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, पोस्टग्रेसचा ५४३२. नव्याने बसवलेला प्रोग्रॅम ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणून अडतो तेव्हा बहुधा तीनपैकी एक कारण निघते: पत्ता चुकला आहे, सर्व्हरची सेवा बंद आहे, किंवा सर्व्हरच्या फायरवॉलने ते दार बंद ठेवले आहे. याच क्रमाने तपासणी केली तर अर्धा दिवस वाचतो.

पाच गोष्टी बरोबर असल्या तरी सहावी राहतेच, ती म्हणजे ड्रायव्हर. प्रत्येक डेटाबेसची नेटवर्कवर बोलण्याची रीत वेगळी असते. ती रीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने शिकत बसू नये म्हणून मध्ये ड्रायव्हर हा छोटा प्रोग्रॅम असतो. पूर्वी डेटाबेस बदलला की सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ही सामाईक पद्धत आणली. प्रोग्रॅमने ओडीबीसीच्या ठरलेल्या हाका मारायच्या आणि ज्या त्या डेटाबेसच्या ड्रायव्हरने त्या आपल्या रीतीत नेऊन पोचवायच्या. जावासाठी हेच काम १९९७ पासून जेडीबीसी करते, आणि २००२ पासून डॉटनेटसाठी एडीओ डॉटनेट.

ड्रायव्हरच्या बाबतीत एक खाच अशी आहे की तिच्यात अनुभवी माणसेही अडकतात. ६४ बिटांच्या विंडोजवर ओडीबीसीची मांडणी करण्याच्या खिडक्या दोन असतात, एक ३२ बिटांच्या प्रोग्रॅमसाठी आणि एक ६४ बिटांच्या. दोन्हींच्या फाइलचे नाव एकच आहे. त्यातही ६४ बिटांची फाइल ‘सिस्टीम३२’ नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि ३२ बिटांची ‘सिसवॉव६४’ मध्ये. नावांवरून अंदाज बांधणारा नेमका उलटीकडे जातो. काउंटरवरचा जुना प्रोग्रॅम ३२ बिटांचा असेल आणि ड्रायव्हर ६४ बिटांच्या बाजूला नोंदवला असेल, तर तो समोर दिसत असूनही ‘डेटा सोर्स सापडला नाही’ असाच संदेश येत राहतो. नवा संगणक घेतल्यावर जुना प्रोग्रॅम चालेनासा झाला की सर्वांत आधी हे पाहावे.

जोडणी झाल्यावर एका पुस्तकाची देवघेव कशी होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. ग्रंथपाल बारकोडवर स्कॅनर धरतो. स्कॅनर साधारणपणे कीबोर्डसारखा वागतो: आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. प्रोग्रॅम तो दाखल क्रमांक उचलतो आणि सर्व्हरकडे विचारणा पाठवतो: ‘पुस्तके’ या तक्त्यातून दाखल क्रमांक १०४५७ असलेली ओळ द्या. सर्व्हर आधी पाहतो की वाक्य व्याकरणात बसते का, मग पाहतो की या वापरकर्त्याला हा तक्ता वाचायची परवानगी आहे का, मग शोधण्याचा मार्ग ठरवतो. दाखल क्रमांकावर अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, असेल तर लाखो ओळींतून ती एक ओळ डोळ्यांची पापणी लवायच्या आत मिळते. नसेल तर सर्व्हर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा तक्ता वाचत बसतो. काउंटरवर प्रोग्रॅम ‘हळू चालतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या न बांधलेल्या अनुक्रमणिकेत असते आणि दोष मात्र संगणकाला दिला जातो.

विचारणा पाठवताना प्रोग्रॅम लिहिणारे एक चूक इतक्या वर्षांनीही करतात. वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर ते उचलून थेट एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवतात. मजकूर साधा असेल तोवर चालते. एखादा सभासद गोव्याकडचा असतो, रोमन लिपीत त्याचे आडनाव डि’सोझा असे मधल्या चिन्हासह लिहिलेले असते, आणि प्रोग्रॅम कोसळतो, कारण एसक्यूएलमध्ये ते चिन्ह म्हणजे मजकूर संपल्याची खूण. मजकूर संपला असे समजून सर्व्हर पुढची अक्षरे हुकूम म्हणून वाचायला लागतो. सज्जन माणसाच्या आडनावाने प्रोग्रॅम फक्त अडखळतो. पण दुष्ट हेतूने कोणी त्या जागी मुद्दाम हुकूमच लिहिला तर आख्खा तक्ता पुसला जाऊ शकतो किंवा सगळ्या सभासदांचे पत्ते बाहेर जाऊ शकतात. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय साधा आणि फुकटचा आहे. वाक्य वेगळे पाठवायचे, त्यात मूल्याच्या जागी रिकामी खूण ठेवायची आणि मूल्य पॅरामीटर म्हणून स्वतंत्र द्यायचे. मग मूल्यात काहीही लिहिलेले असो, सर्व्हर त्याला मजकूरच मानतो. एवढेही न करणाऱ्या प्रोग्रॅमरला काम देऊ नये.

पुस्तक देताना डेटाबेसमध्ये निदान दोन गोष्टी लिहायच्या असतात: देवघेवीच्या तक्त्यात नवी ओळ आणि पुस्तकाच्या ओळीत ‘बाहेर आहे’ अशी स्थिती. या दोहोंच्या मध्येच वीज गेली तर? पुस्तक बाहेर असल्याची खूण आहे, पण ते कोणाकडे आहे याची नोंद नाही, असा घोळ होईल. म्हणून दोन्ही लेखने एका व्यवहारात, ट्रान्झॅक्शनमध्ये, बांधतात. दोन्ही पार पडली तर सर्व्हर ‘कमिट’ करतो, म्हणजे नोंद कायम होते. मध्ये काही बिघडले तर ‘रोलबॅक’ होऊन सगळे पहिल्यासारखे राहते. दोन काउंटरांवर एकाच क्षणी एकच प्रत दोघांना द्यायची वेळ आली तरी चालू नोंद एकच असावी अशी अट डेटाबेसमध्येच घातलेली असावी. पहिल्याचा व्यवहार पुरा होईपर्यंत दुसरा थांबतो आणि मग त्याला नकार मिळतो. ही अट फक्त काउंटरच्या प्रोग्रॅममध्ये ठेवणे पुरत नाही, कारण उद्या त्याच तक्त्यांशी दुसरा प्रोग्रॅम जोडला जाईल आणि त्याला ती ठाऊक नसेल.

मराठी वाचकाला खरी ठेच लागते ती लिपीपाशी. देवनागरीतले नाव काउंटरवर नीट टाइप होते, पडद्यावर नीट दिसते, आणि साठवून पुन्हा उघडले की त्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. याचे कारण असे की जोडणीच्या वाटेवर कुठेतरी अक्षरांचे संकेत बदलले गेलेले असतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे, गुजरातीला वेगळा. प्रोग्रॅम, ड्रायव्हर, कनेक्शन आणि तक्त्यातला रकाना, या चारही ठिकाणी युनिकोड मान्य असेल तरच अक्षर सुखरूप पोचते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘व्हारकार’ आणि ‘एनव्हारकार’ असे दोन प्रकारचे रकाने असतात आणि देवनागरीसाठी दुसराच घेण्याची रीत आहे. त्याहून फसवी गोष्ट अशी की रकाना बरोबर असूनही एसक्यूएलच्या वाक्यात मजकुराच्या अवतरणाआधी ‘एन’ हे अक्षर लावायचे राहिले, तरी प्रश्नचिन्हेच साठतात. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत मुळात धरलेला संकेत पश्चिम युरोपीय लिप्यांचा होता. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून तो युनिकोडचा झाला. साठलेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत काढता येत नाही. ते गेले ते गेलेच.

अक्षरे सुखरूप पोचली तरी क्रम लावायचा राहतो. युनिकोडच्या आकड्यांच्या क्रमाने मांडले तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. ‘क्ष’ने सुरू होणारी पुस्तके ‘क’च्या पोटात जाऊन बसतात, कारण संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. अर्धा ‘ऱ’ असलेला शब्द दोन वेगळ्या संकेतांनी लिहिता येतो. ‘वाऱ्यावर’ हा शब्द एकाने एका तऱ्हेने टाइप केला आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण काही डेटाबेस शोधात त्यांना वेगळे धरतात. यावरचा उपाय म्हणजे मजकूर साठवण्याआधीच प्रोग्रॅमने तो एकाच रूपात आणायचा आणि क्रम लावण्याचा नियम, म्हणजे कोलेशन, विचार करून निवडायचा. ज्या शहरात ‘बडोदे’, ‘बडोदा’ आणि ‘वडोदरा’ ही तिन्ही नावे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आढळतात आणि मराठी, गुजराती, हिंदी पुस्तके शेजारी शेजारी उभी असतात, तिथे या बारकाव्यांकडे दुर्लक्ष करून वाचकाला पुस्तक सापडणार नाही.

कनेक्शन उघडणे हे सर्व्हरला जड काम असते: नेटवर्कवरची सलामी, ओळखीची तपासणी, स्मृतीत जागा राखणे. म्हणून दोन टोकांच्या सवयी टाळाव्या लागतात. काही प्रोग्रॅम सकाळी एक कनेक्शन उघडतात आणि संध्याकाळपर्यंत धरून बसतात. मायएसक्यूएल ठरलेल्या मांडणीत ८ तास स्वस्थ बसलेले कनेक्शन आपणहून तोडतो. त्यामुळे रात्रभर चालू ठेवलेल्या प्रोग्रॅमवर सकाळी पहिले पुस्तक देताना ‘सर्व्हर निघून गेला’ असा चमत्कारिक संदेश येतो. काही प्रोग्रॅम उलट प्रत्येक विचारणेला नवे कनेक्शन उघडतात आणि बंद करायला विसरतात. मायएसक्यूएल एका वेळी मुळात १५१ कनेक्शने स्वीकारतो. ती भरली की नव्याला दारातूनच परत जावे लागते. यातून निघालेली पद्धत म्हणजे कनेक्शन पूल. स्टँडवर रिक्षा उभ्या असतात तशी काही कनेक्शने उघडून तयार ठेवलेली असतात. काम आले की त्यातले एक घ्यायचे आणि काम होताच परत रांगेत सोडायचे. प्रोग्रॅमरने पाळायचा नियम एवढाच की कनेक्शन शक्य तितक्या उशिरा घ्यावे आणि शक्य तितक्या लवकर सोडावे. सभासद काउंटरपाशी गप्पा मारत असताना व्यवहार अर्धवट उघडा ठेवणे तर मुळीच नको. त्या वेळात त्या ओळी बाकी सगळ्यांना कुलूपबंद राहतात.

सुरक्षिततेचा प्रश्न लहान संस्थांत सर्वांत दुर्लक्षित राहतो. पुष्कळ ठिकाणी काउंटरचा प्रोग्रॅम डेटाबेसच्या मुख्य प्रशासकाच्या नावाने जोडलेला असतो, कारण बसवणाऱ्याला ते सोपे पडते. तो पासवर्ड कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, प्रत्येक काउंटरवर पडून असतो. ती फाइल उघडणारा कोणीही मग सगळ्या डेटाबेसचा मालक होतो. काउंटरसाठी वेगळा वापरकर्ता असावा आणि त्याला पुस्तके व सभासद वाचण्याची आणि देवघेव लिहिण्याची तेवढीच परवानगी असावी. तक्ता पुसण्याची नसावी. पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवावा किंवा विंडोजच्या स्वतःच्या ओळखीवर भरवसा ठेवणारी पद्धत वापरावी. सर्व्हर आणि काउंटर यांच्यातली वाट नेटवर्कवर सांकेतिक केलेली असावी.

यापुढचा प्रश्न अंतराचा आहे. डेटाबेस एका इमारतीत आणि शाखा शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर काहीजण सर्व्हरचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडून मोकळे होतात. हे करू नये. उघड्या पोर्टांवर दिवसरात्र पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम जगभर फिरत असतात. अशा वेळी मध्ये एक सेवा उभी करावी लागते: काउंटरचा प्रोग्रॅम त्या सेवेशी बोलतो आणि डेटाबेसशी बोलायचा अधिकार फक्त त्या सेवेला असतो. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेले आणि आता आपल्याकडेही वापरात असलेले ‘कोहा’ हे खुले सॉफ्टवेअर याच वाटेने जाते; त्यात काउंटरवर फक्त ब्राउझर लागतो. उलट एकाच संगणकावर चालणाऱ्या लहानशा संग्रहाला, एखाद्या मंडळाच्या चार कपाटांच्या वाचनालयाला, सर्व्हर बसवायचीही गरज नाही. २००० पासून उपलब्ध असलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, प्रोग्रॅमच्या पोटातच चालतो आणि तरीही व्यवहाराची शिस्त पाळतो. फॉक्सप्रोच्या फाइलची जी भीती होती ती त्याला नाही. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेणे हीही चूकच आहे.

राहिला बॅकअप. जोडणी चांगली आहे म्हणजे माहिती सुरक्षित आहे असे नाही. चालू डेटाबेसच्या फाइली कॉपी करणे हा बॅकअप नव्हे, कारण कॉपी होत असतानाही सर्व्हर त्यांत लिहीत असतो आणि निघालेली प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी असू शकते. सर्व्हरच्या स्वतःच्या साधनाने काढलेली प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या इमारतीत जायला हवी. आणि अधूनमधून ती दुसऱ्या संगणकावर चढवून देवघेवीची शेवटची नोंद दिसते का ते पाहायला हवे. चढवून न पाहिलेली प्रत असून नसल्यासारखी.

काउंटरवरचे प्रोग्रॅम पाच-दहा वर्षांनी बदलतात. दाखल नोंदवहीतली माहिती मात्र ग्रंथालयाइतकीच टिकायची असते. म्हणून ग्रंथालयाने, शाळेने किंवा सहकारी संस्थेने नवा प्रोग्रॅम घेताना पडद्याच्या रंगरूपाआधी तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात: तक्त्यांची संपूर्ण रचना कागदावर मिळेल, डेटाबेसच्या प्रशासकाचा पासवर्ड संस्थेच्या ताब्यात राहील, आणि सगळी माहिती युनिकोडमध्ये साध्या फाइलींत केव्हाही बाहेर काढता येईल. यातल्या एकालाही विक्रेता नकार देत असेल तर तो प्रोग्रॅम घेऊ नये.